अंगठ्याएवढं बटण

"सांगू नकोस, दाखव."

गोरेगावच्या आमच्या वाचनालयात बाई तीस वर्षं ग्रंथपाल होत्या आणि हे तीन शब्द त्यांनी त्या तीस वर्षांत किती वेळा उच्चारले असतील, देव जाणे. कुणी म्हणालं, "बाई, या पुस्तकाची पानं सुटलीत," की दाखव. कुणी म्हणालं, "डोळे गेले हो, मोठ्या अक्षरातलं द्या," की चार पुस्तकं उघडून समोर धरायच्या. "हे वाचून दाखव. आता हे." एका आजोबांनी फोन करून सांगितलं की आता जिने चढवत नाहीत, नाव काढून टाका. बाई त्यांच्या घरी गेल्या, त्यांच्या बिल्डिंगचा जिना त्यांच्यासोबत एक मजला चढल्या, दुसऱ्या वळणावर त्यांचा श्वास ऐकला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. नाव काढत नाही, पुस्तक घरी येईल." त्यानंतर दर शनिवारी पुस्तक त्यांच्या घरी जायचं. नेऊन द्यायला बाईच.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती मी अकरावीत असताना. एक जाडजूड कादंबरी परत करताना मी म्हणाले, "खूप छान होती."

"कुठलं पान छान?"

"म्हणजे… सगळंच."

"सगळंच छान असं काही नसतं. दाखव."

मला बाकावर बसवलं. मी पानं उलटत बसले. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला, कॉलेजचं लेक्चर गेलं. शेवटी सापडलं. नायिका स्टेशनवर भावाला सोडायला जाते आणि काहीच बोलत नाही, ते पान. बाईंनी मला ते तिथेच उभं करून मोठ्यानं वाचायला लावलं. समोर पेपर वाचणारे तिघं जण थांबून ऐकत होते. शेवटच्या दोन ओळींना माझा आवाज फाटला. बाईंनी शांतपणे शिक्का मारला. "आता वाचलंस."

त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई, सुती साडी आणि खाली पांढरे स्पोर्ट्स शूज. वडील मालवणकडून येऊन लालबागच्या गिरणीत लागले होते, गिरणी बंद पडल्यावर सगळं कुटुंब गोरेगावात आलं. एरवी बाई आमच्यासारखंच बोलायच्या, पण फार राग आला किंवा फार आनंद झाला की मालवणीवर जायच्या. त्यामुळे मालवणी ऐकू आली की सगळे आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे, यातलं नक्की कुठलं झालंय म्हणून.

पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर चढली तेव्हा जुन्या कार्डांचे खण रद्दीत जाणार होते. बाईंनी सगळी कार्डं ठेवून घेतली. एका बाजूला पुस्तकाचं नाव आणि नंबर, दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर बाईंचा संसार चालायचा. भाजीची यादी, खाज्याची कृती, माणसांविषयीच्या नोंदी, निरोप. माझ्याकडे एक कार्ड अजून आहे. पुढे मधमाशीपालनावरच्या पुस्तकाचा नंबर आणि मागे बाईंचं अक्षर: "सोमवारी लवकर ये. भांडायचं आहे."

ते भांडण म्हणजेच ही सगळी गोष्ट.

तोवर मी इंजिनीअर होऊन अंधेरीच्या एका कंपनीत मोबाइल ॲप बनवत होते. वाचनालयाची अवस्था बरी नव्हती. सभासद कमी होत चालले होते. पुस्तक आत आहे की बाहेर गेलंय हे कळायला एक तर जिना चढून यावं लागायचं किंवा फोन करावा लागायचा, आणि फोन सतत बिझी. कार्यकारिणीत काही जणांनी टुमणं लावलं होतं की वाचनकक्षाचा अर्धा हॉल एका कोचिंग क्लासला देऊन टाकू, नाहीतरी खुर्च्या रिकाम्याच असतात. अध्यक्ष चांगला माणूस होता, त्याला हॉल द्यायचा नव्हता. पण त्याच्या सुनेच्या जिमचं ॲप होतं आणि ते त्याच्या डोक्यात बसलं होतं.

"आपलं ॲप पाहिजे," अध्यक्ष म्हणाले. "लोकांच्या फोनवर आपलं चिन्ह दिसलं पाहिजे. सहा महिन्यांत लोक परत आले नाहीत तर मला क्लासवाल्यांना नाही म्हणता येणार नाही."

मी उडीच मारली. फुकट बनवून देते म्हणाले. खरं सांगायचं तर वाचनालयाइतकीच मला माझीही काळजी होती. स्वतःच्या नावावर एक अख्खं ॲप! नोकरी बदलताना दाखवायला झकास. मी स्लाइड बनवल्या. पुस्तक आलं की फोन टिंग वाजणार, बारकोड स्कॅन होणार, काय नि काय. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी जाताना हातात ते मधमाशीचं कार्ड ठेवलं.

सोमवारी गेले, तर काउंटरवर रांग लागलेली आणि बाई पुस्तक देण्याआधी प्रत्येकाला म्हणत होत्या, "फोन दाखव."

लोकही दाखवत होते! बाईंना कोण नाही म्हणणार? बाई प्रत्येकाच्या फोनमध्ये किती जागा शिल्लक आहे ते मला बघायला लावायच्या आणि कार्डावर टिपायच्या. बहुतेकांचे फोन गुड मॉर्निंगच्या फुलांनी आणि लग्नाच्या व्हिडिओंनी गच्च भरलेले. एका काकांना नवीन ॲप घ्यायचं तर पासवर्ड लागायचा आणि पासवर्ड होता पुण्याच्या मुलाकडे. एका बाईंचा फोन स्वतःचा नव्हताच, नवऱ्याचा, तो घरी आला की मिळायचा. एक कॉलेजची मुलगी म्हणाली, "आंटी, ऑलरेडी इतके ॲप आहेत ना, महिन्यातून दोन पुस्तकांसाठी अजून एक कोण ठेवणार?"

रांग संपल्यावर बाई माझ्याकडे वळल्या. "कपाटात जागा नसेल तर नवीन पुस्तक कुठे ठेवशील? तुझं ॲप कुठे ठेवणार हे लोक?"

"मग काय करायचं?"

"साधं पान नाही का करता येत? फोनवर उघडेल असं. लिंक दाबली, उघडलं, बघितलं, बंद."

"मोबाइल वेबसाइट?" माझा चेहरा पडला असणार. "बाई, ते जुनं झालं. ती हळू चालते. आणि ॲपमध्ये जे करता येतं ते तिच्यात—"

"सांगू नकोस." पुढचा शब्द त्यांनी म्हटलाच नाही. "आणि किती ॲप बनवणार?"

"दोन. अँड्रॉइडचं एक, आयफोनचं एक."

"उद्या तुला परदेशात नोकरी लागली तर त्या दोघांचं कोण बघणार? मी?"

भांडण दोन तास चाललं. मी आवाज चढवला, त्यांनी चढवला, मग चहा आला तेव्हा दोघींनी एकदम खाली आणला. ठरलं असं: मी दोन्ही थोडं थोडं बनवायचं, एक कच्चं ॲप आणि एक कच्ची वेबसाइट. मग दोघींनी मिळून वाचकांकडे जायचं. जे हरेल ते हरेल. वार्षिक सभेत बाई निकाल सांगणार.

महिन्याभरानं, रविवारी सकाळी, बाई मला घेऊन निघाल्या त्या थेट मासळीबाजारात. तिथे यमुनामावशी बसायची. मढहून येणारी कोळीण, आमच्या वाचनालयाची सगळ्यात जुनी सभासद. ऐतिहासिक कादंबऱ्यांचे पाच पाच भागांचा फडशा पाडायची आणि सहावा का नाही म्हणून बाईंशी भांडायची. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला.

आधी माझं ॲप. उतरवायला घेतलं, तर जागा नाही. "मावशी, काहीतरी डिलीट करावं लागेल," मी म्हणाले. "हे व्हिडिओ खूप मोठे आहेत."

मावशीनं सुरी बाजूला ठेवली. "माज्या नातवाचे हायत ते. तुज्या ॲपासाठी नातवाला काढू?"

शेजारच्या कोळणी खो खो हसल्या. बाई हसल्या नाहीत. कार्डावर टिपत होत्या.

मग वेबसाइट. लिंक दाबली आणि पान उघडलं. मी मनातून जरा खट्टूच झाले. पण पुढे गंमत. मावशीनं पुस्तक राखून ठेवायचं बटण दाबलं, तर भलतंच दाबलं गेलं. ओला हात, जाड अंगठा आणि माझी नाजूक, अंधेरीच्या ऑफिसात बसून काढलेली बटणं. तीनदा प्रयत्न केल्यावर मावशीच्या नावावर 'बाळाचा आहार' हे पुस्तक राखून पडलं.

"बटन मोठा कर गो," मावशी म्हणाली. "माज्या अंगठ्याएवढा."

बाईंनी लगेच कार्ड पुढे केलं. "लाव अंगठा."

मावशीनं पापलेटाच्या पाण्यातला ओला अंगठा कार्डावर दाबला. बाईंनी पेननं त्याच्या कडेनं रेघ ओढली आणि कार्ड माझ्या हातात दिलं. "हे तुझं माप. याच्याहून लहान बटण माझ्या वाचनालयात चालणार नाही." त्या कार्डाला दोन दिवस मासळीचा वास येत होता. माझ्या ऑफिसच्या टेबलावर ते उभं करून मी सगळी बटणं पुन्हा काढली.

पुढचे दोन रविवार असेच. शाळेत, देवळाच्या पारावर, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये. सगळीकडे माझं ॲप हरत होतं. बाईंच्या चालीत एक ठेका आला होता. मला राग येत होता, आणि खरं सांगते, मजाही येत होती. ऑफिसात एवढी वर्षं ॲप बनवली, पण एकदाही कुणाचा अंगठा बघितला नव्हता.

शेवटचा रविवार आरे कॉलनीचा. तिथल्या एका पाड्यावर सुरेखा राहायची. आशा सेविका. महिन्यातून दोनदा बस पकडून आमच्याकडे यायची आणि पाड्यावरच्या बायकापोरांसाठी पिशवीभर पुस्तकं न्यायची. कधी कधी हवी ती पुस्तकं आमच्याकडे नसायची, मग ती एवढी येऊन अर्धी पिशवी रिकामी घेऊन परत जायची. बाईंना त्या रिकाम्या पिशवीचं फार लागायचं.

बसमधून उतरून गोठे ओलांडून आम्ही तिच्या अंगणात पोचलो. बाईंनी तिच्या हातात फोन दिला. "उघड गं पान."

पान उघडेना. गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं, मग पांढरं.

"इथे नेटवर्कच नाही बाई," सुरेखा म्हणाली. "तिकडे बस स्टॉपवर येतं थोडं. लोक फोन करायला तिथे जातात."

मग मी माझ्या फोनवर ॲप उघडलं. ॲपमध्ये मी सगळी यादी आधीच भरून ठेवली होती. टचकन सगळी पुस्तकं समोर! सुरेखाच्या दारात तीन-चार बायका जमल्या, एकीनं रांगोळीचं पुस्तक शोधलं, दुसरीनं भुताच्या गोष्टी. नेटवर्कची एक दांडी नसताना!

मी अक्षरशः नाचले. "बघा! बघा बाई! दाखवलं की नाही?"

बाईंनी कार्ड काढलं, काहीतरी लिहिलं आणि पर्समध्ये ठेवलं. परतीच्या बसमध्ये मी खिडकीतून बाहेर बघत विचार करत होते, की आता काय करतील? सगळं गोरेगाव त्यांच्या बाजूनं आणि हा एक पाडा माझ्या बाजूनं. एक कार्ड सभेत वाचलं नाही तर कुणाला कळणार होतं?

वार्षिक सभेला हॉल भरला होता. कोचिंग क्लासवाला मागे येऊन बसला होता, मोजमाप घेतल्यासारखा भिंतींकडे बघत. बाई उठल्या, कार्डांचा गठ्ठा काढला आणि एकेक वाचायला लागल्या. नातवाचे व्हिडिओ वाचले तेव्हा हशा पिकला. पुण्याच्या मुलाचा पासवर्ड वाचला तेव्हा ते काका स्वतःच उभे राहून "अगदी बरोबर!" म्हणाले. सभा बाईंच्या खिशात होती. तिथे थांबल्या असत्या तर टाळ्या वाजल्या असत्या आणि विषय संपला असता.

बाईंनी शेवटचं कार्ड वर धरलं.

"आरे कॉलनी. इथे माझी वेबसाइट उघडली नाही. हिचं ॲप चाललं. ज्या वाचकाला यादीची सगळ्यात जास्त गरज आहे, तिच्या दारात मी हरले."

एकच गोंधळ. अध्यक्ष आनंदानं उभेच राहिले. "म्हणजे ॲप! ठरलं!" कुणी म्हणालं, एका पाड्यासाठी सगळ्यांना त्रास का? कुणी म्हणालं, दोन्ही करा. क्लासवाल्याचा दोस्त ओरडला, "यांचंच यांना ठरवता येत नाही, द्या हॉल देऊन!"

बाईंनी टेबलावर थाप मारली. "मी निकाल सांगितला. निर्णय नाही सांगितला." आणि भर सभेत माझ्याकडे वळल्या. "काय गो, नेटवर्क नसताना तुझं ॲप ती यादी खंयसून वाचता?"

मालवणी ऐकून मी आधी चेहऱ्याकडे बघितलं. राग नव्हता. डोळे लखलखत होते.

"फोनमध्येच ठेवलेली असते बाई."

"मग ती यादी पानाबरोबर फोनमध्ये का नाही राहत? सुरेखा आमच्याकडे येते, पिशवीतून पुस्तकं नेते. तशीच यादीपण नेईल. करता येतं की नाही?"

मी तोंड उघडलं, "नाही" म्हणायला. आणि थांबले. कारण करता येतं. वेबसाइटलाही फोनमध्ये थोडी माहिती साठवून ठेवता येते, नेटवर्क नसताना ती उघडता येते. मला माहीत होतं. माझ्या धंद्यातली गोष्ट होती. पण मला ॲप हवं होतं म्हणून इतके दिवस माझं मन त्या बाजूला फिरकलंच नव्हतं. शंभर माणसं माझ्याकडे बघत होती. "नाही" म्हटलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. माझं ॲप झालं असतं.

पण त्याच सभेत, दोन मिनिटांपूर्वी, बाईंनी ते कार्ड वाचलं होतं.

"येतं," मी म्हणाले. माझे कान तापले होते. "करता येतं बाई. जागाही फार लागणार नाही."

"सांगू नकोस," अख्खा हॉल एकदम म्हणाला, "दाखव!"

आठ दिवस मिळाले. त्या आठ दिवसांत मी काय जेवले ते आठवत नाही. ऑफिसातून सुटले की वाचनालयात जाऊन बसायचे. बाई डबा पुढे सरकवायच्या, स्वतः उभ्यानं खायच्या आणि विचारायच्या, "झाला?" यादी फोनमध्ये राहायला लागली. मग मला आणखी सुचलं: नेटवर्क नसताना पुस्तक राखून ठेवलं तर तो निरोप फोनमध्ये दबा धरून बसेल आणि नेटवर्क दिसताच आमच्याकडे पळत येईल. हे सुचल्यावर मी वाचनकक्षात किंचाळले. पेपर वाचणाऱ्यांनी पेपर खाली केले. बाई म्हणाल्या, "वाचा तुम्ही. तिला सापडलंय काहीतरी."

आठव्या दिवशी सुरेखा आली, आमच्याकडे पान उघडलं, फोन घेऊन घरी गेली. ठरल्याप्रमाणे घरून, नेटवर्कशिवाय, तिनं पुस्तकं निवडायची आणि मग बस स्टॉपपर्यंत चालत यायचं. इकडे काउंटरच्या कॉम्प्युटरसमोर बाई, मी, अध्यक्ष आणि खबर लागलेली निम्मी कार्यकारिणी. ठरलेल्या वेळेवर पंधरा मिनिटं गेली, काही नाही. वीस मिनिटं. अध्यक्ष घड्याळ बघायला लागले. मी घामाघूम. एखादी ओळ चुकली असेल तर?

आणि पडद्यावर एक ओळ उमटली. सुरेखा. रांगोळी. तिच्या खाली दुसरी, भुताच्या गोष्टी. तिसरी. चौथी. पिशवीभर ओळी!

"इलो!" बाई खुर्चीवरून उठल्या. "इलो गो, निरोप इलो!" आणि मला मिठी मारून त्या पांढऱ्या शूजवर चक्क उड्या मारायला लागल्या. अध्यक्षही टाळ्या वाजवत होते. मग हळूच मला म्हणाले, "ते सगळं ठीक आहे, पण आपलं चिन्ह?" मी त्यांच्या फोनवर ते पान मुख्य पडद्यावर ठेवून दिलं. वाचनालयाचं चिन्ह चमकलं. "अहो, हेच तर ॲप!" ते म्हणाले.

"होय साहेब," बाई म्हणाल्या, "ॲपच."

पुढच्या सहा महिन्यांत जुने लोक परत आले, थोडे नवे आले. खुर्च्या सगळ्या भरल्या असं नाही, पण हॉल कापून देण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. क्लासवाल्यानं पलीकडच्या गल्लीत जागा घेतली आणि स्वतःच्या मुलीला आमचं सभासद केलं. मला नवीन नोकरी लागली ती ॲपमुळे नाही. मुलाखतीत मी ओल्या हातांविषयी अर्धा तास बोलले, त्यामुळे.

बाई दोन वर्षांनी निवृत्त झाल्या. निरोप समारंभात भाषण करा म्हटलं तर म्हणाल्या, बोलायचं काय, तीस वर्षं समोरच होते. गावी जाऊन राहिल्या. कार्यकारिणीला फार वाईट वाटलं. त्यांनी एकमतानं ठरवलं की बाईंचा सत्कार वेबसाइटवर कायमचा राहिला पाहिजे. चांगला फोटोग्राफर बोलावून काढलेला त्यांचा मोठा फोटो मला पहिल्या पानावर लावायला सांगितला. मी लावला. सुंदर दिसत होत्या.

आठवड्याभरात सूचनांच्या रकान्यात मालवणहून एक सूचना आली. खाली नाव नव्हतं, गरजही नव्हती.

"पान उघडूक तीन सेकंद जास्त लागतंत. आमच्या घाटीत नेटवर्क बारीक आसा. कोणा म्हाताऱ्या बायचो फोटो पुस्तकांच्या वाटेत उभो आसा. तो आधी काढ."

मी काढला. पान टचकन उघडलं.